सुटलेली गाडी आणि टेबलाची कड

टिटलागढची घटना

७ एप्रिल २०१८ च्या रात्री अहमदाबाद–पुरी एक्स्प्रेस ओडिशातील टिटलागढ स्थानकात उभी होती. नंदुरबार, भुसावळ, नागपूर, गोंदिया, रायपूर अशी येणारी ही गाडी टिटलागढला दिशा बदलते. तिथे एका टोकाचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. इंजिन बाजूला झालेले असताना प्रवाशांनी भरलेले डबे उताराने चालू लागले आणि केसिंगाच्या दिशेने दहा किलोमीटरहून अधिक अंतर गेले. रुळांवर दगड ठेवून ते थांबवावे लागले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. चाकांखाली स्किड नीट लावलेले नव्हते, हे कारण चौकशीत पुढे आले. लघुरेल्वेच्या टेबलावर याच जातीची घटना घडते तेव्हा पुढे दहा किलोमीटरचा मार्ग नसतो. दोन-तीन मीटरवर टेबल संपते आणि खाली फरशी असते.

सुटण्याचे दोन प्रकार

लघुरेल्वेतील गाडी दोन प्रकारे सुटते. पहिल्या प्रकारात मोटरला वीज मिळत असते, पण गाडी चालवणाऱ्याच्या आज्ञेत राहत नाही. नियंत्रक बिघडतो, संदेश इंजिनापर्यंत पोहोचत नाही, सांधा चुकीच्या बाजूला लागलेला असतो, किंवा चालवणाऱ्याचे लक्ष दुसऱ्याच गाडीकडे असते. दुसऱ्या प्रकारात विजेचा काही संबंध नसतो. चढावर कपलिंग सुटते आणि मागचे डबे आपल्या वजनाने उलटे घरंगळत येतात. पहिल्या प्रकारची गाडी वीज तोडून थांबवता येते. दुसऱ्या प्रकारच्या गाडीला वीज तोडल्याचे कळतही नाही. बाजारात मिळणारी बहुतेक संरक्षक साधने पहिल्या प्रकारापुरती असतात, आणि ती बसवली की काम झाले असा समज होतो. चढ-उतार असलेल्या मांडणीत तो महागात पडतो.

प्रमाण लहान, गुरुत्वाकर्षण तेवढेच

सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ प्रमाण १:८७ आहे आणि त्यातील दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाची खरी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. ८७ ने भागले की टेबलावरचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर येतो. ३५० ग्रॅम वजनाच्या इंजिनात या वेगाला एका ज्यूलच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे ०.०११ ज्यूल, गतिज ऊर्जा असते. तेच इंजिन एक मीटर उंचीच्या टेबलावरून पडले, तर अर्ध्या सेकंदाच्या आत ते फरशीवर आदळते आणि त्या क्षणी त्यात ३.४ ज्यूल ऊर्जा असते. ही वाढ सुमारे तीनशे पट आहे. आदळतानाचा वेग ८७ ने गुणला तर तो ताशी जवळजवळ १४०० किलोमीटर भरतो.

या आकड्यांतून संरक्षणाची दिशा ठरते. इंजिन, पूल, स्थानक सारे ८७ पटींनी लहान करता येते, गुरुत्वाकर्षण करता येत नाही. टेबलावर दोन गाड्यांची टक्कर झाली तर सहसा एखादा बफर मोडतो किंवा डबा रुळावरून उतरतो. कडेवरून गेलेल्या इंजिनाची चौकट वाकते, गिअर निखळतात, कधी मोटरचा आस वाकतो. गाडी टेबलावरच अडवण्यासाठी लागणारी ऊर्जा अगदी क्षुल्लक असते, म्हणून संरक्षणाची साधनेही साधी आणि स्वस्त असू शकतात. ती योग्य जागी मात्र असावी लागतात.

भारतीय डब्यांची अडचण

भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. ८७ ने भागले तर टेबलावर १९.३ मिलिमीटर रुंदीचा मार्ग हवा. तसा तयार मिळत नाही, म्हणून भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती १६.५ मिलिमीटरच्या मार्गावरच चालवल्या जातात. एलएचबी प्रकारच्या प्रवासी डब्याची रुंदी सुमारे सव्वातीन मीटर, म्हणजे टेबलावर ३७ मिलिमीटर. खऱ्या गाडीत डब्याची रुंदी रुळांतील अंतराच्या दुपटीहून थोडी कमी असते, तर प्रतिकृतीत ती सव्वादोन पट होते. अरुंद पायावर रुंद देह, त्यामुळे वळणावर कलंडण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओ डब्यांसाठी वजनाचा जो ठोकताळा दिला आहे, तो अशा वेळी उपयोगी पडतो: मूळ १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची वाघिणीला यानुसार ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम, वजन हवे. शिशाचे वा लोखंडाचे तुकडे डब्याच्या तळाला, चाकांच्या शक्य तितके जवळ चिकटवतात.

रायपूरच्या नॅरोगेजप्रेमींना ही अडचण नाही. १९०० मध्ये सुरू झालेला रायपूर–धमतरी मार्ग आणि त्याची अभनपूर–राजिम शाखा ७६२ मिलिमीटर गेजची होती. ८७ ने भागले की ८.८ मिलिमीटर येतात, आणि ‘एन’ प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. म्हणजे आता इतिहासजमा झालेल्या त्या छोट्या गाडीची प्रतिकृती ब्रॉडगेजच्या प्रतिकृतीपेक्षा अधिक अचूक गेजवर धावू शकते.

उताराचे गणित

डबा घरंगळू लागेल की नाही, हे उतार आणि चाकांचा रोध यांच्यातील फरकावर ठरते. हल्लीच्या प्रतिकृतींत आसाची टोके सुईसारखी निमुळती असतात आणि प्लास्टिकच्या खोबणीत फिरतात, त्यामुळे रोध फार कमी असतो. जितका डबा चांगला, तितका तो सुटायला तयार. उदाहरण म्हणून रोध एक टक्का धरू आणि उतार दोन टक्के, म्हणजे पन्नासास एक. छत्तीसगडचे मैदान सपाट असले तरी टेबलावर घाट आणि दुमजली मार्ग हवेच असतात. दोन मजले जोडण्यासाठी ६० सेंटिमीटर त्रिज्येचा वर्तुळाकार चढ केला आणि त्याच्या वरच्या टोकाला कपलिंग सुटले, तर दोन फेऱ्यांमध्ये डबे साडेसात मीटर घरंगळतात. तळाशी त्यांचा वेग सेकंदाला १.२ मीटर असतो. प्रमाणात हा वेग ताशी ३८० किलोमीटर झाला. नेहमीच्या २५ सेंटिमीटर वेगाशी तुलना केली तर ऊर्जा तेवीस पट होते. वळणावरचा जादा रोध यातून थोडा वजा होईल, पण तळाशी असलेला सांधा या वेगाने येणाऱ्या डब्यांना वळवू शकणार नाही.

उभ्या गाड्यांसाठी खऱ्या रेल्वेचा नियम फार काटेकोर आहे. भारतीय रेल्वेच्या स्थानक-आवारात बाराशेस एक एवढाच उतार श्रेयस्कर मानला जातो आणि चारशेस एकपेक्षा अधिक तीव्र उतार सहसा ठेवत नाहीत. टेबलावर याचा अर्थ सोपा आहे: जिथे डबे इंजिनाशिवाय उभे करायचे, ती जागा पाणसळ लावून समतल करावी लागते. टेबलाच्या एका पायाखाली फरशी बसकी असली तरी वाघिणी चालू लागतात.

इंजिन जागीच का राहते

एकटे इंजिन मात्र उतारावर सहसा घरंगळत नाही. मोटरच्या आसावर आट्यांचा वर्म असतो आणि तो चाकांच्या दातेरी चक्राला फिरवतो. वर्म चक्राला फिरवू शकतो, चक्र वर्मला फिरवू शकत नाही. वीज गेली की चाके आपोआप जखडली जातात. इंजिनाला डबे जोडलेले आहेत तोवर ही जखडण सबंध गाडीला धरून ठेवते. म्हणून लघुरेल्वेत उतारावरचा धोका जवळजवळ नेहमी कपलिंगपाशी सुरू होतो.

कपलिंग आणि शेवटचा डबा

कपलिंग सुटण्याची कारणे बहुधा तीन असतात: दोन डब्यांच्या कपलिंगची उंची वेगळी असणे, चढ एकदम सुरू झाल्याने एका डब्याचे नाक वर जाणे, आणि चुंबकाने सुटणारी कपलिंग नको त्या चुंबकावरून जाणे. पहिल्यासाठी उंची मोजण्याचे साधे माप मिळते. दुसऱ्यासाठी चढाच्या सुरुवातीला आणि शेवटी उतार हळूहळू बदलत न्यावा लागतो. तिसऱ्यासाठी चढावर चुंबक ठेवू नये.

एवढे करूनही कपलिंग कधीतरी सुटणारच, असे धरून शेवटच्या डब्याला थोडा अटकाव देण्याची एक जुनी युक्ती आहे. फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्टीचा बारीक तुकडा डब्याच्या तळाला असा लावायचा, की त्याचे मोकळे टोक आसावर हलके टेकेल. डब्याचा रोध वाढतो, इंजिनाला ते जाणवत नाही, आणि गार्डचा डबा खऱ्या अर्थाने ब्रेकचा डबा होतो. पट्टी किती दाबायची, हे डबा एकटाच चढावर ठेवून ठरवतात. तो स्वतः थांबला पाहिजे आणि आपल्यापुढचे दोन-तीन डबेही त्याने धरले पाहिजेत. लांब मालगाडीत मध्ये आणखी एखाद्या वाघिणीला अशी पट्टी लावावी लागते, कारण गाडी नेमकी कुठे तुटेल ते आधी कळत नाही.

मोठ्या रेल्वेने घेतलेला धडा

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे चढावर अडकलेली सहलीची गाडी दोन भागांत सोडवण्यात आली. मागचे डबे सुटून उलटे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे मेली. त्या गाडीला निर्वात ब्रेक होते, पण स्वयंचलित नव्हते: निर्वात निर्माण केली की ब्रेक लागत, नळी सुटली की ब्रेकही सुटत. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. या ब्रेकची रचना नेमकी उलटी असते. नळीतील निर्वात किंवा दाब टिकून आहे तोवर ब्रेक मोकळे राहतात, आणि नळी तुटली की आपोआप लागतात. ब्रेक लागलेला असणे ही मूळ अवस्था, आणि तो मोकळा असणे ही सतत काळजी घेऊन टिकवायची अवस्था.

घाटातल्या कॅच सायडिंगमागेही हाच विचार आहे. भोर घाटातील मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. त्याचा तीव्रतम चढ सदतिसास एक, म्हणजे २.७ टक्के. घाट चढताना गाडीला दिशा बदलावी लागे, तशी सोय असलेल्या ‘रिव्हर्सिंग स्टेशन’वर १८६९ मध्ये उतरणारी गाडी न थांबता टोक ओलांडून गेली. ते स्थानक १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे वगळले गेले. घाट उतरणाऱ्या मार्गावर ठरावीक ठिकाणी एक सांधा असतो आणि तो नेहमी चढावर जाणाऱ्या बंद फाट्याकडे लावलेला असतो. गाडी आधी पूर्ण थांबते, मग सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी थांबतच नाही, त्यामुळे ती फाट्यात शिरते आणि चढावर तिचा वेग संपतो. नियम असा की स्थानकाकडे ऐंशीस एकपेक्षा तीव्र उतार येत असेल तर कॅच सायडिंग हवे, आणि स्थानकापासून बाहेर शंभरास एकपेक्षा तीव्र उतार जात असेल तर स्लिप सायडिंग. पहिले बाहेरून येणाऱ्या सुटलेल्या गाडीपासून स्थानकाला वाचवते, दुसरे स्थानकातून सुटणाऱ्या डब्यांपासून पुढच्या मार्गाला.

स्वयंचलित ब्रेकलाही मर्यादा आहे. उभ्या गाडीतील हवा हळूहळू गळते. कॅनडात लाक-मेगांतिक येथे ६ जुलै २०१३ रोजी उतारावर उभी केलेली तेलगाडी इंजिन बंद केल्यावर अशीच सुटली आणि ४७ माणसे मेली. भारतात २५ फेब्रुवारी २०२४ रोजी कठुआहून सुटलेली मालगाडी चालकाशिवाय सुमारे ७० किलोमीटर धावून पंजाबात उंची बस्सीला अडवता आली. म्हणून हातब्रेक, लाकडी पाचरी, साखळ्या आजही वापरात आहेत. टेबलावरच्या फाट्यात पाचरीचे काम दोन स्लीपरांमधून वर काढलेला नायलॉनच्या ब्रशचा एक केस करतो. तो आसाला अडतो, आणि इंजिनाने ओढले की वाकून जाऊ देतो.

वर्तुळाकार चढाच्या तळाशी जागा असेल तर छोटे कॅच सायडिंगही करता येते. सेकंदाला १.२ मीटर वेगाने येणारे डबे पाच टक्के चढावर सव्वा मीटरमध्ये थांबतात. एवढी जागा बहुतेकांकडे नसते. मग फाटा आखूड करून शेवटी जाड स्पंज ठेवतात.

डिजिटल नियंत्रणातील उणीव

जुन्या पद्धतीत रुळांना ० ते १२ व्होल्ट एकदिश वीज देतात. व्होल्टता वाढवली की वेग वाढतो, ध्रुव बदलले की दिशा बदलते. वीज गेली की गाडी थांबते, त्यामुळे ही पद्धत मुळातच सुरक्षित बाजूला झुकलेली आहे. १९९० च्या दशकात जर्मनीतील लेंझ कंपनीच्या कामावरून प्रमाणित झालेली डीसीसी ही डिजिटल पद्धत वेगळी आहे. तिच्यात रुळांवर कायम पूर्ण वीज असते आणि त्याच विजेतून सांकेतिक संदेश जातात. प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश ओळखून मोटर चालवतो. एकाच रुळावर अनेक गाड्या स्वतंत्रपणे चालवता येतात, हा तिचा मोठा गुण.

उणीव याच रचनेत आहे. संदेश पोहोचला नाही तर डिकोडर शेवटची आज्ञा पाळत राहतो, आणि ती ‘पूर्ण वेग’ असेल तर पूर्ण वेगाने. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. अनेक डिकोडर जुन्या पद्धतीच्या मांडणीवरही चालावेत म्हणून एकदिश वीज ओळखून त्याप्रमाणे धावण्याची सोय कारखान्यातच चालू ठेवलेली असते. लाइट जाऊन परत आली, किंवा क्षणभर शॉर्ट होऊन यंत्रणा पुन्हा सुरू झाली, की त्या गडबडीत डिकोडरला संदेश सापडत नाही. रुळांवरची १४–१६ व्होल्ट वीज तो साधी एकदिश वीज समजतो आणि इंजिन पूर्ण वेगाने निघते. वारंवार वीज खंडित होणाऱ्या गावांत हे नेहमीचे आहे. इंजिन बिघडले असे समजून दुरुस्तीला पाठवले जाते, तिथे ते व्यवस्थित चालते.

उपाय डिकोडरच्या मांडणीतच आहेत आणि त्यांना खर्च शून्य. ‘सीव्ही २९’ या नोंदीतील एकदिश वीज ओळखणारी सोय बंद केली की काम होते. नोंद ६ असेल तर ती २ करायची, लांब क्रमांकाच्या इंजिनात ३८ असेल तर ३४. ‘सीव्ही ११’ ही नोंद संदेश किती वेळ न आल्यास थांबायचे ते ठरवते. तिथे शून्य असेल तर डिकोडर कधीच थांबत नाही, म्हणून शून्य सोडून काहीतरी असावे. ‘सीव्ही ५’ने कमाल वेग मर्यादित करता येतो. खरे इंजिन ज्या वेगाने धावत नाही त्या वेगाची सोय प्रतिकृतीत ठेवण्याचे कारण नाही. या तिन्ही नोंदी बदलल्या की संदेशाचा अभाव हाच थांबण्याचा संदेश होतो.

एक डायोड आणि एक फट

जुन्या एकदिश पद्धतीत बंद फाट्याच्या टोकाला गाडी आपोआप थांबवण्याची युक्ती काही रुपयांत होते. टोकाच्या अलीकडे एका रुळात फट पाडून पुढचा तुकडा वेगळा करतात आणि फटीवर एक अँपिअरचा साधा डायोड जोडतात. डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतो. टोकाकडे जाणाऱ्या इंजिनाची वीज फट ओलांडताच तुटते, ते थांबते. ध्रुव बदलून उलट दिशा दिली की डायोडमधून वीज वाहते आणि इंजिन बाहेर येते. चालवणाऱ्याला काही करावे लागत नाही, आणि डायोड निखळला तरी तुकडा निर्जीवच राहतो, म्हणजे बिघाडही सुरक्षित बाजूला. शॉर्ट झालेला डायोड एवढाच अपवाद.

डीसीसीमध्ये वीज सतत दिशा बदलत असते, म्हणून ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. तिथे डायोडांची विषम जोडणी करून विजेच्या दोन बाजूंमध्ये थोडा फरक निर्माण करतात. तो ओळखणारा डिकोडर ब्रेक लावतो. ही सोय सर्व डिकोडरांत नसते, आणि सीव्ही २७ मध्ये ती चालू करावी लागते.

उचलायचा पूल

खोलीभर पसरलेल्या मांडणीत दारापाशी उचलता येणारा पूल असतो, आणि मोठे अपघात बहुधा इथेच होतात. पूल वर आहे हे विसरून कोणीतरी गाडी सोडतो. उपाय म्हणजे पुलाच्या दोन्ही बाजूंच्या मार्गाचा काही भाग एका सूक्ष्म स्विचमधून जोडणे. स्विच असा निवडायचा की पूल पूर्ण खाली बसला तरच तो जोडला जाईल. तार तुटली, स्विच गंजला, पूल अर्धवट टेकला, तरी मार्ग निर्जीव राहतो.

निर्जीव भागाची लांबी ठरवताना नेहमी चूक होते. इंजिन पुढच्या-मागच्या सर्व चाकांनी वीज घेते, म्हणून पुढची चाके निर्जीव भागात गेली तरी मागची चाके सजीव भागातून मोटर चालवत राहतात. इंजिन पूर्ण आत गेल्यावरच वीज तुटते आणि त्यानंतर फ्लायव्हीलमुळे ते थोडे सरकते. म्हणून लांबी किमान इंजिनाची लांबी, अधिक सरकण्याचे अंतर, अधिक थोडी पुस्ती इतकी हवी. दोन इंजिने जोडलेली असतील तर दोन्हींची. गाडी मागे ढकलली जात असेल तर हा हिशेबच कोसळतो: डबे पुढे, इंजिन मागे, आणि इंजिन निर्जीव भागात येईपर्यंत सारे डबे खड्ड्यात. त्यासाठी विजेवर विसंबता येत नाही. पूल उचलला की रुळांमध्ये आपल्या वजनाने खाली पडणारा, पूल बसला की वर उचलला जाणारा एक अडसर लागतो. पितळी पट्टी आणि बिजागरी एवढ्यात तो होतो.

कठडा

इतके सारे निकामी झाले तरी गाडी टेबलावर ठेवणारी शेवटची गोष्ट कठडा. कडेपासून दहा-पंधरा सेंटिमीटर आत मार्ग असेल तर बऱ्याचदा त्याचीही गरज पडत नाही, पण जागेच्या टंचाईत मार्ग कडेला येतोच. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिक पत्रा पुरतो, कारण नेहमीच्या वेगाने येणाऱ्या गाडीत ऊर्जा फारशी नसते. उंची रुळाच्या माथ्यापासून तीन-चार सेंटिमीटर हवी, म्हणजे डब्याच्या गुरुत्वमध्यापेक्षा वर. त्याहून खुजा कठडा डब्याला अडवत नाही, उलथवतो. एलएचबी डबा टेबलावर २७ सेंटिमीटर लांब असतो. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर त्याची टोके सुमारे ९ मिलिमीटर बाहेर झुकतात. अर्धी रुंदी मिळवली की मार्गाच्या मध्यरेषेपासून २८ मिलिमीटर होतात, म्हणून वळणावर कठडा किमान ३५ मिलिमीटर दूर हवा. पत्रा स्क्रूने लाकडाला पक्का धरावा. दुहेरी चिकटपट्टी मे महिन्यात रायपूरच्या उष्णतेत सुटते.

उन्हाळा, पावसाळा आणि फटी

रायपुरात उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांपर्यंत जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. लघुरेल्वेचे रूळ निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचे असतात. तीन मीटर लांबीचा सलग रूळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. रुळांच्या जोडांत जागा नसेल तर तो बाजूला फुगतो आणि गाडी उतरते. खालचे लाकूड मुख्यतः आर्द्रतेने हलते आणि त्याचे वेळापत्रक वेगळे: उन्हाळ्यात रूळ लांबतो तेव्हाच कोरडे लाकूड आकसते.

वर सांगितलेल्या संरक्षणाशी याचा थेट संबंध आहे. डायोडसाठी किंवा पुलासाठी पाडलेली फट करवतीच्या पात्याइतकीच, म्हणजे अर्धा-एक मिलिमीटर असते. तापलेला रूळ ती बंद करू शकतो. दोन टोके टेकली की निर्जीव भाग सजीव होतो आणि गाडी नेहमीप्रमाणे धावत असल्याने कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून फटीत प्लास्टिकची चकती बसवून एपॉक्सीने पक्की करतात, किंवा विजेला रोधक असे प्लास्टिक जॉइनर वापरतात. नुसती हवेची फट पुण्यातल्या थंडीत पाडली असेल तर ती रायपूरच्या मे महिन्यात टिकेलच असे नाही.

प्रेक्षकांसमोरची मांडणी

पुण्यात भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय किंवा जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये २००१ पासून चालणारे मिनियातुर वुंडरलांड यांसारख्या ठिकाणी अनेक गाड्या एकाच वेळी फिरतात आणि भोवती प्रेक्षक असतात. अशा मांडणीत मार्गाचे विभाग पाडतात. प्रत्येक विभागात गाडी आहे की नाही ते विजेच्या प्रवाहावरून ओळखले जाते, आणि पुढचा विभाग मोकळा नसेल तर मागची गाडी थांबवली जाते. खऱ्या रेल्वेतील ब्लॉक पद्धतीचेच हे छोटे रूप. घरगुती मांडणीत एवढ्या यंत्रणेची गरज क्वचितच असते. दोन गाड्यांसाठी ती उभारणे म्हणजे हौसेचाच भाग.

मर्यादा आणि चाचणी

अलीकडे अनेक इंजिनांत धुळीमुळे वीज तुटली तरी गाडी अडखळू नये म्हणून कपॅसिटर बसवलेला असतो. त्याला ‘कीप-अलाइव्ह’ म्हणतात. वीज गेल्यावरही काही सेकंद चालणारे इंजिन निर्जीव भाग ओलांडून सरळ पुलाच्या खड्ड्यात जाऊ शकते. सीव्ही ११ मधील वेळ कमी ठेवली तर संदेश न आल्याने ते लवकर थांबते, पण मग कपॅसिटरचा उपयोगही तितकाच कमी होतो. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. अशा इंजिनांच्या मार्गावर पुलापाशी वर सांगितलेला अडसर हवाच.

संरक्षण आहे की नाही हे पाहून कळत नाही, चाचणीनेच कळते. पूल उचलून, खाली गादी अंथरून, सर्वांत जड इंजिन पूर्ण वेगाने सोडतात. मग तीच गाडी उलटी ढकलत नेतात. चढावर शेवटचे चार डबे हाताने सोडून ते कुठे थांबतात ते पाहतात. मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू करतात आणि कोणते इंजिन स्वतःहून निघाले ते टिपतात. थांबण्याच्या जागेवर पेन्सिलने खूण करून तारीख घालतात. ही चाचणी वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये, घेतली तर फटी आणि लाकूड दोन्ही त्यांच्या टोकाच्या अवस्थेत तपासले जातात.